दोन वर्षांचं लेकरू घेऊन युरोपला: सोलापूरकरांसाठी पहिल्या खेपेची तयारी

"एवढं लेकरू घेऊन कशाला चाललायस बे? त्याला काय कळणारय?" आमचं ठरल्याचं ऐकून नवऱ्याच्या मित्राने पहिला प्रश्न हाच टाकला. प्रश्न खोटा नव्हता. बावीस महिन्यांच्या चिऊला आयफेल टॉवर आणि होटगी रोडवरचा मोबाइलचा टॉवर यांत काडीचा फरक वाटला नाही. पण पोरगी मोठी होईपर्यंत थांबायचं, मग शाळा, मग शिकवण्या, मग दहावी. म्हणून मे महिन्यात आम्ही चौघं निघालो: मी, नवरा, चिऊ आणि सासूबाई. अॅमस्टरडॅममध्ये चार रात्री, पॅरिसमध्ये पाच. परत आल्यापासून आठवड्याला एखादा तरी फोन येतोच, "वहिनी, व्हिसाचं कसं केलंत? दुधाचं काय केलंत?" त्या सगळ्या फोनांचं उत्तर इथे एकदाच देते.

आधी शहरं कमी करा

सहलीच्या कंपन्यांचं "बारा दिवसांत सात देश" तुमच्यासाठी नाही. त्यात रोज सकाळी सातला बॅगा बसखाली लागतात. दोन वर्षांचं मूल रोज नव्या खोलीत झोपत नाही, आणि ते झोपलं नाही की कुणीच झोपत नाही. दहा-बारा दिवसांत दोन शहरं, फार तर तीन.

एका शहरात उतरायचं आणि दुसऱ्यातून परतायचं, म्हणजे उगाच मागे यावं लागत नाही. विमानाच्या संकेतस्थळावर "मल्टी-सिटी" असा पर्याय असतो, तो निवडा. मुंबईहून अॅमस्टरडॅम, पॅरिस, फ्रँकफर्ट इथे थेट विमानं आहेत. लहान मूल असताना थेट विमानाला थोडे पैसे जास्त गेले तरी जाऊ द्या. मध्यरात्री आखातातल्या विमानतळावर झोपलेलं पोर उठवून पुन्हा सुरक्षा तपासणीला उभं करणं ही शिक्षा आहे. अॅमस्टरडॅम ते पॅरिस युरोस्टार रेल्वेने साधारण तीन तास वीस मिनिटं लागतात. चार वर्षांखालचं मूल मांडीवर बसणार असेल तर त्याला तिकीट लागत नाही.

दुसरी चांगली जोडी म्हणजे व्हिएन्ना आणि प्राग. त्यांच्यामध्ये रेल्वेने चार तास. ऑस्ट्रियाच्या रेलजेट गाड्यांत मुलांसाठी वेगळा कोपरा असतो, त्यात छोट्या पडद्यावर कार्टून चालू असतं. व्हिएन्नात शोनब्रुनचं प्राणीसंग्रहालय १७५२ पासून चालू आहे. आजवर अखंड चाललेलं जगातलं ते सर्वांत जुनं, आणि बाबागाडी ढकलायला रस्ते गुळगुळीत. व्हेनिस मात्र या वयात नको. तिथे दर पन्नास पावलांवर पायऱ्यांचा पूल, म्हणजे बाबागाडी डोक्यावर घेऊन फिरायचं. आणि जून-जुलैत रोमला जाऊ नका. सोलापूरचं ऊन सोडून रोमचं ऊन खायला कशाला जायचं?

वयाचं गणित

दोन वर्षांखालच्या मुलाचं तिकीट मांडीवरचं असतं आणि ते मोठ्यांच्या भाड्याच्या साधारण दहा टक्क्यांत होतं. दोन पूर्ण झाली की स्वतंत्र सीट. यात एक मेख आहे. जाताना मूल तेवीस महिन्यांचं असेल आणि परतायच्या आधी दुसरा वाढदिवस आला, तर परतीला सीट घ्यावी लागते. तारखा ठरवतानाच कॅलेंडर उघडा.

विमानात समोरच्या भिंतीला लावतात तो पाळणा मिळेल म्हणून खूश होऊ नका. त्याला वजनाची मर्यादा असते, बहुतेक ठिकाणी दहा-अकरा किलोच्या आसपास, आणि लांबीचीही. चिऊ वजनात बसली, पण पाय बाहेर. शेवटी ती माझ्या आणि सासूबाईंच्या मांडीवर आडवी झोपली, आणि आम्ही दोघी साडेनऊ तास पुतळ्यासारख्या. परवडत असेल तर दोन वर्षांखालीही तिची वेगळी सीट घ्या.

कागदपत्रं: इथेच खरा वेळ जातो

पहिलं काम, आजच, जन्माचा दाखला कपाटातून काढून नीट वाचा. बारशाच्या आधी काढलेल्या कित्येक दाखल्यांत बाळाच्या नावाचा रकाना रिकामाच असतो. तो महापालिकेत जाऊन भरून घ्यावा लागतो. मग आई-वडिलांच्या नावाची इंग्रजी अक्षरं तुमच्या पासपोर्टशी एकेक करून ताडून पाहा. आमच्या दाखल्यात माझ्या नावात व्ही होता, पासपोर्टवर डब्ल्यू. चूक आमचीच, दवाखान्यात फॉर्म नवऱ्याने घाईत भरला होता. त्या एका अक्षराने तीन आठवडे खाल्ले.

मग मुलाचा पासपोर्ट. त्यासाठी पुण्याला जायची गरज नाही, सोलापुरात पोस्टाचं पासपोर्ट सेवा केंद्र आहे. अर्ज ऑनलाइन भरायचा आणि वेळ घ्यायची. लहान मुलाच्या पासपोर्टची फी १,००० रुपये, आणि आठ वर्षांखाली नव्या पासपोर्टला त्यात दहा टक्के सूट. "अॅनेक्शर डी" नावाचं घोषणापत्र लागतं, त्यावर आई आणि वडील दोघांच्याही सह्या. चार वर्षांखालच्या मुलाचा फोटो तिथे काढत नाहीत, पांढऱ्या पार्श्वभूमीचा फोटो आपणच न्यायचा. हा पासपोर्ट पाच वर्षं चालतो.

आता व्हिसा. शेंगेन करारातल्या २९ देशांना मिळून एकच व्हिसा चालतो. लंडन त्यात नाही, आयर्लंडही नाही. अर्ज कुठल्या देशाकडे करायचा, याचा नियम सोपा आहे: जिथे रात्री जास्त, त्या देशाकडे. रात्री सारख्या असतील तर जिथे आधी उतराल तिथे. आमच्या पॅरिसला पाच रात्री होत्या, म्हणून फ्रान्स. अर्ज व्हिसा केंद्रात द्यायचा असतो, सोलापूरकरांना पुणं जवळ.

मोठ्यांची व्हिसा फी जून २०२४ पासून ९० युरो आहे. सहा वर्षांखालच्या मुलाला फी नाही, पण केंद्राचं सेवाशुल्क वेगळं असतं हे धरून चाला. बोटांचे ठसे बारा वर्षांखालच्यांचे घेत नाहीत. मुलाचा अर्ज मात्र स्वतंत्र असतो आणि त्यावर आई-वडिलांनी सह्या करायच्या. विमाही मुलाच्या नावाने हवा, किमान ३०,००० युरोच्या वैद्यकीय संरक्षणाचा. आई किंवा वडील सोबत येत नसतील तर त्यांचं नोटरी केलेलं संमतिपत्र जोडा.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि निदान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. निकालाला साधारण पंधरा दिवस लागतात, पण ते पंचेचाळीसपर्यंत लांबू शकतात. मे महिन्यात निम्मा महाराष्ट्र निघतो, त्यामुळे पुण्याची वेळ जानेवारी-फेब्रुवारीत पाहायला लागा. आमच्या भागात नोकरीपेक्षा धंदा करणारी घरं जास्त, म्हणून सांगते: पगाराची स्लिप नसली तरी अडत नाही. जीएसटी नोंदणी, शॉप अॅक्ट, तीन वर्षांची आयकर विवरणं आणि बँकेचं स्टेटमेंट व्यवस्थित लावा. अर्जाच्या आदल्या आठवड्यात खात्यात अचानक पाच लाख आणून टाकू नका. स्टेटमेंट वाचणाऱ्याला ते पहिल्या नजरेत दिसतं. हॉटेल आणि विमान शक्यतो रद्द करता येईल असंच बुक करा.

व्हिसाच्या फोटोबद्दल थोडं. ३५ बाय ४५ मिलिमीटर, पांढरी पार्श्वभूमी, डोळे उघडे, तोंड मिटलेलं, चेहरा सरळ. दोन वर्षांच्या मुलाचं तोंड मिटलेलं! नवी पेठेतल्या स्टुडिओत आम्ही दोन वेळा जाऊन आलो. तिसऱ्यांदा घरीच पलंगावर पांढरी चादर पसरली, चिऊला उताणं झोपवलं आणि खिडकीच्या उजेडात वरून फोटो काढला. तो चालला.

आणखी एक नवीन गोष्ट. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर पासपोर्टवर शिक्का मारण्याऐवजी संगणकात नोंद करायची पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे. मोठ्यांचे बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो, बारा वर्षांखालच्यांचा फक्त फोटो. रांग लांब असली तर बाबागाडी दिसेल अशी पुढे ठेवा आणि कर्मचाऱ्याला विचारा. बऱ्याचदा बाजूची रांग उघडून देतात.

सोलापूर ते विमान

युरोपची बरीच विमानं मुंबईहून मध्यरात्रीनंतर सुटतात. सिद्धेश्वर एक्सप्रेसने रात्रभर जाऊन पहाटे मुंबईत उतरलात तर अख्खा दिवस मूल घेऊन कुठे बसणार? सकाळची वंदे भारत सहाच्या सुमारास सुटते आणि दुपारी साडेबाराच्या आसपास मुंबईला पोचते. दादरला उतरून नातेवाइकांकडे किंवा विमानतळाजवळच्या खोलीत दुपारची झोप काढता येते. ती झोप चुकवू नका. मूल दमवून ठेवलं की विमानात झोपेल, असं सगळेच सांगतात. दमलेलं मूल झोपत नाही, रडतं.

विमानतळाच्या सुरक्षा तपासणीत शंभर मिलिलिटरचा नियम बाळाच्या दुधाला, पाण्याला आणि खाण्याला लागत नाही. वेगळ्या पिशवीत ठेवा, बाहेर काढून दाखवा. विमान चढताना, आणि त्याहून जास्त उतरताना, कानांत दडे बसतात, तेव्हा काहीतरी चोखायला किंवा प्यायला द्या. मुलाचं जेवण हवं असेल तर तिकिटासोबत किंवा निदान एक दिवस आधी सांगून ठेवावं लागतं. आम्ही सांगितलं होतं, आलं ते चिऊने हुंगूनसुद्धा पाहिलं नाही. तिने खाल्ली कडक भाकरी.

खाण्याची पिशवी

कडक भाकरीबद्दल सोलापूरकराला काय सांगायचं! ज्वारीची, पापडासारखी, आठवडे टिकते, चुरा करून दुधात टाकली की मऊ होते. दात येणाऱ्या पोराला नुसती हातात दिली तरी अर्धा तास शांतता. दोन पाकिटं घ्या. शेंगा चटणी मोठ्यांसाठी न्या, मुलाला नको. आणि अख्खे शेंगदाणे या वयात देऊच नका, घशात अडकतात. विमानात तर नकोच.

काय न्यायचं नाही, ते जास्त महत्त्वाचं. युरोपीय संघात बाहेरून मांस आणि दूध, आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. म्हणजे पेढे नाहीत, खवा नाही, पनीर नाही, आणि तूपही नाही. बाळाचं दूध पावडर आणि बंद डब्यातलं बाळाचं खाणं यांना सूट आहे: माणशी दोन किलोपर्यंत, फ्रिजशिवाय टिकणारं, कंपनीच्या पॅक डब्यात. कढीपत्ता, मिरच्या, आंबे यांनाही आरोग्य प्रमाणपत्राशिवाय बंदी. केळी, नारळ, अननस, खजूर आणि ड्युरियन या पाचच फळांना सूट आहे. हापूसची पेटी घेऊन निघणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

तुपावरून आमच्या घरात आदल्या रात्री वाद झाला. सासूबाईंनी कढवलेलं तूप स्टीलच्या डब्यात भरून, डबा फडक्यात बांधून बॅगेत ठेवला होता. "तुपाशिवाय मेतकूट-भात कसला? पोरगी खायची नाही." डबा शेवटी शेजारी गेला. अॅमस्टरडॅमला पोचल्यावर दुसऱ्या दिवशी त्यांनी सुपरमार्केटमधून बिनमिठाचं लोणी आणायला लावलं, तिथे त्याला "रोमबोटर" म्हणतात, पुडीवर "ओंगेझाउटन" म्हणजे बिनमिठाचं असं लिहिलेलं पाहायचं. मंद आचेवर वीस मिनिटांत तूप तयार. फ्रान्समध्ये "बर दू" मागा.

दुधाचाही असाच घोळ. चिऊसाठी आम्ही पहिल्या दिवशी उचललेल्या पुड्यावर "कार्नमेल्क" लिहिलं होतं. तिने घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. सासूबाईंनी चाखून निकाल दिला, "अगं, हे ताक आहे!" खरोखरच ताक. नवऱ्याने मीठ-जिरं घालून तांब्याभर प्यायलं, पोरीला पुन्हा दूध आणावं लागलं. साईचं दूध हवं असेल तर नेदरलँड्समध्ये "फॉला मेल्क", फ्रान्समध्ये "ले आंतिए". फ्रान्समध्ये लाल झाकण म्हणजे साईचं, निळं म्हणजे निम्म्या साईचं.

बाकी पिशवीत: मेतकूट, भाजलेल्या मुगाचं पीठ, नाचणीसत्त्व, साळीच्या लाह्या, राजगिऱ्याच्या वड्या. तांदूळ आणि डाळ तिथे कुठेही मिळते, ओझं वाहू नका. छोटा कुकर नेणार असाल तर आधी त्याचा तळ पाहा. तिथल्या घरांत बहुतेक इंडक्शनच्या शेगड्या असतात आणि आपला अॅल्युमिनियमचा साधा कुकर त्यावर तापतच नाही. आणि फोडणी देताना खिडकी उघडा. मोहरी तडतडली की छतावरचा धुराचा भोंगा वाजतो. आमच्याकडे रात्री आठ वाजता वाजला आणि खालच्या मजल्यावरची बाई चपला न घालता वर आली.

राहण्याची जागा

हॉटेलपेक्षा स्वयंपाकघर आणि कपडे धुण्याचं यंत्र असलेलं घर बरं. बुक करण्याआधी घरमालकाला दोन प्रश्न लेखी विचारा: लिफ्ट आहे का, आणि दारापासून खोलीपर्यंत पायऱ्या किती? अॅमस्टरडॅमच्या जुन्या घरांचे जिने शिडीसारखे उभे असतात. आमच्या जाहिरातीत "दुसरा मजला" लिहिलं होतं. तिथे तळमजल्याला शून्य मोजतात, हे माहीत असूनही आम्ही फसलो, कारण जिन्याचा फोटोच नव्हता. सासूबाई बसून, एकेक पायरी करत उतरायच्या. चिऊला तेच आवडलं, तीही बसून उतरायला लागली.

न्हाणीघरात बादली नसते, मग नसतो, आणि संडासात पाण्याचा फवारा नसतो. घडी होणारी छोटी बादली आणि प्लॅस्टिकचा तांब्या बॅगेच्या कोपऱ्यात टाका, आशीर्वाद द्याल. डायपर मात्र दोन दिवसांपुरतेच न्या. तिथे प्रत्येक सुपरमार्केटमध्ये मिळतात, पुड्यावरच्या आकड्याशेजारी वजन किलोत छापलेलं असतं.

आणि एक सोलापुरी चादर न्या. जाड नको, हलकी पाहून घ्या. मे महिन्याच्या अखेरीस अॅमस्टरडॅम आणि पॅरिसमध्ये सूर्य पावणेदहाच्या सुमारास मावळतो. रात्री आठला खोलीत लख्ख उजेड, आणि पोरगी खिडकीकडे बोट दाखवून "दिवस, दिवस" म्हणते. पडदा पातळ होता. आम्ही कपडे वाळत घालायचे चिमटे लावून चादर पडद्याच्या दांडीवर अडकवली. मोर, मोराभोवती वेलबुट्टी, आणि मागून झिरपणारा केशरी उजेड. त्याखाली चिऊ दहा मिनिटांत झोपली. दिवसा तीच चादर बागेत सतरंजी, संध्याकाळी गार वारा सुटला की बाबागाडीवर पांघरूण.

साडेतीन तासांचा फायदा

उन्हाळ्यात तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं. घरी सातला उठणारं मूल तिथे पहाटे साडेतीनला टक्क जागं. बहुतेक जण हे घड्याळ पहिल्याच दिवशी पूर्ण फिरवायला जातात आणि दोन दिवस फुकट घालवतात. तसं करू नका, अर्ध्यावर थांबा. तिला संध्याकाळी सातला झोपवायचं, म्हणजे ती पाचच्या सुमाराला उठते. मग सहाला बाहेर.

पहाटेची ही शहरं तुमची असतात. पॅरिसमध्ये सकाळी रस्त्याच्या कडेने पाणी सोडून गटारं धुतात. त्या वाहत्या पाण्यात चिऊने पानं सोडायला घेतली आणि आम्ही एका कोपऱ्यावर पाऊण तास उभे होतो. सातला बेकऱ्या उघडतात, गरम "बागेत"चं, म्हणजे लांबट फ्रेंच पावाचं, टोक मोडून पोरीच्या हातात द्यायचं. आयफेल टॉवर आम्ही त्रोकादेरोच्या चौथऱ्यावरून सकाळी साडेसातला पाहिला, गर्दी नव्हती.

त्यानंतरचं वेळापत्रक असं: सकाळी एक गोष्ट, दुपारी घरी जेवण आणि झोप, चारनंतर जवळची बाग. दिवसाला एकच गोष्ट. दुसरी जमली तर नशीब, नाही जमली तर चिडचिड नाही. सासूबाई झोपलेल्या नातीजवळ थांबायच्या, तेव्हा आम्ही दोघं दोन तास बाहेर पडायचो. संग्रहालयं आम्ही तेवढ्या वेळात उरकली. आजी-आजोबांना सोबत न्या असं मी सांगते ते काही केवळ संस्कार म्हणून नव्हे.

बाबागाडी

सोलापुरात बाबागाडी कोण वापरतं? रस्त्यांची अवस्था तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून आपल्या मुलांना तीत बसायची सवय नसते, आणि तिथे पोचल्यावर ती ताठ होऊन ओरडतात. महिनाभर आधी विकत घ्या आणि रोज संध्याकाळी सिद्धेश्वर मंदिराकडे किंवा कंबर तलावावर तीतूनच न्या. घडी होऊन विमानात वर ठेवता येईल अशी हलकी घ्या, पण चाकं अगदी बारकी नकोत, जुन्या गल्ल्यांत दगडी फरशी असते. सोबत पोटाशी बांधायची झोळीही हवीच, पॅरिसच्या मेट्रोसाठी.

ती मेट्रो १९०० साली सुरू झाली आणि बहुतेक स्थानकांत अजून जिनेच आहेत. चौदा नंबरची मार्गिका सोडली तर लिफ्टचा भरवसा धरू नका. बसने फिरा: मधल्या दाराने बाबागाडी चढते, खिडकीतून शहरही दिसतं. चार वर्षांखालच्या मुलाला पॅरिसच्या बस-मेट्रोत आणि अॅमस्टरडॅमच्या ट्राममध्ये तिकीट नाही. अॅमस्टरडॅममध्ये मोठ्यांनी टॅप होणारं बँकेचं कार्ड चढताना आणि उतरताना, दोन्ही वेळा यंत्राला लावायचं. उतरताना विसरलात तर जास्त पैसे कापतात.

गाडीच्या दांड्याला पर्स अडकवू नका. पॅरिसमध्ये गर्दीच्या ठिकाणी पाकीटमारांचं लक्ष अशाच पिशव्यांवर असतं.

अॅमस्टरडॅममध्ये

चिऊला सर्वांत आवडली ती फुकटची गोष्ट. सेंट्रल स्टेशनच्या मागून पाण्यापलीकडे जाणारी फेरीबोट. पाच मिनिटांत पलीकडे, तिकीट नाही, सायकली आणि बाबागाड्या थेट आत. एका सकाळी आम्ही चार वेळा गेलो-आलो. फोंडेलपार्क १८६५ सालचं, आत मुलांच्या खेळायच्या जागा आहेत. आर्टिस हे प्राणीसंग्रहालय १८३८ चं, शहराच्या मध्यात.

दोन गोष्टींची भीती बाळगा. कालव्यांना कठडे नाहीत, बऱ्याच ठिकाणी रस्ता संपतो आणि पाणी सुरू होतं. आणि लालसर रंगाचा पट्टा म्हणजे सायकलींचा रस्ता. तिथे पोर सोडलंत तर सायकलवाला थांबत नाही, घंटी वाजवतो. हात सोडायचा तो बागेतच.

जेवायला सुरिनामी रोटीची दुकानं शोधा. १८७३ साली लल्ला रुख नावाचं जहाज कलकत्त्याहून गिरमिटिया मजूर घेऊन सुरिनामला गेलं. दक्षिण अमेरिकेतलं सुरिनाम तेव्हा डचांची वसाहत, पुढे त्या मजुरांचे कित्येक वंशज नेदरलँड्समध्ये आले. पोळीसारखी मऊ रोटी, बटाटा, चवळीच्या लांब शेंगा. मिरची बाजूला द्या म्हणायचं. सासूबाई तिथे तीन दिवसांनी पहिल्यांदा पोटभर जेवल्या.

पॅरिसमध्ये

आयफेल टॉवरवर चढायचं असेल तर तिकीट आधी काढा. चार वर्षांखाली ते फुकट असलं तरी मुलाचं नाव बुकिंगमध्ये घ्यावं लागतं, आणि बाबागाडी घडी करून न्यावी लागते. आम्ही चढलोच नाही. रात्रीची झगमग मे महिन्यात दहानंतर सुरू होते, तेव्हा तीही सोडली. त्याऐवजी लक्झेंबर्ग बागेतल्या तळ्यात भाड्याच्या शिडाच्या होड्या काठीने ढकलायच्या असतात, तिथे दीड दिवस गेला म्हटलं तरी चालेल. जार्दें दे प्लांत या बागेतलं छोटं प्राणीसंग्रहालय १७९४ पासूनचं आहे, चालून होण्याइतकं लहान. लूव्र मंगळवारी बंद असतं, हे मात्र लक्षात ठेवा, आम्ही मंगळवारीच ठरवलं होतं.

घरच्या चवीसाठी गार द्यु नॉर स्टेशनच्या आसपास, ला शापेलच्या बाजूला, तमिळ दुकानं आहेत. इडलीचं पीठ, कोथिंबीर, कढीपत्ता सगळं मिळतं.

आजारपण

निघण्याआधी आपल्या बालरोगतज्ज्ञांकडून औषधांची चिठ्ठी इंग्रजीत आणि औषधाच्या मूळ नावाने लिहून घ्या. तापाचं औषध, ओआरएस, थर्मामीटर आणि डॉक्टरांनी सांगितलेली ऍलर्जीची बाटली, एवढं हातातल्या बॅगेत. पॅरिसमध्ये दुसऱ्या रात्री चिऊला ताप चढला, तेव्हा सोलापूरच्या डॉक्टरांचा व्हॉट्सअॅप उपयोगी पडला. पॅरिसचा पहाटे चारचा सुमार म्हणजे सोलापूरचे साडेसात, ते उठलेले होते. सकाळी हिरव्या क्रॉसच्या पाटीखालच्या औषधाच्या दुकानात गेलो. तिथल्या बाईने वजन विचारलं आणि दिलेल्या बाटलीतल्या पिपेटवर मिलिलिटरऐवजी किलोच्या खुणा होत्या: अकरा किलोचं मूल तर अकरापर्यंत ओढा. सोपं आहे, पण ती पिपेट आपल्याकडच्या बाटलीत कधीही घालू नका, औषधाची तीव्रता वेगळी असू शकते.

नेदरलँड्समध्ये साध्या तापाला थेट दवाखान्यात जाऊन उभं राहता येत नाही, आधी फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्याला फोन करावा लागतो. अगदी तातडीचं असेल तर दोन्ही देशांत ११२. विम्याचा मदत क्रमांक फोनमध्ये आणि एका कागदावर, दोन्हीकडे लिहून ठेवा.

परत आल्यावर

जाताना साडेतीन तासांचा फायदा झाला होता, येताना तो फिटतो. परतल्यावर चिऊ आठवडाभर रात्री एक-दीडपर्यंत जागी असायची, अंधारात खिडकीशी उभी राहून "बोट, बोट" म्हणायची. दुकान किंवा ऑफिस पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी गाठायचं ठरवू नका, दोन दिवस जास्तीचे ठेवा. आणि बाहेर ४२ अंश असतात हे आपण नऊ दिवसांत विसरलेले असतो. पहिले दोन दिवस मुलाला दुपारी बाहेर काढू नका, पाणी वरचेवर पाजा.